मागच्या शॉकअपमधली हवा

मी मूळची वर्ध्याकडची, आमचं गाव इतकं लहान की नाव सांगितलं तरी तुला सापडायचं नाही. आजोबांनी बौद्ध धम्म घेतला आणि तेव्हापासून आमच्या घरातल्या पोरी शाळेत जायला लागल्या असं आई सांगायची. तशी मी शिकले, नर्स झाले, पुण्याला आले आणि इथलीच झाले. बोलणंही पुणेरी झालं, पण राग आला की अजून मले-तुले निघतं, मग आमच्या ह्यांना कळतं की आता आपण गप्प बसलेलं बरं.

हे कारखान्यात चेकिंगला होते. म्हणजे तयार झालेला माल मापायचा, पास करायचा नाहीतर परत पाठवायचा. जन्मभर तेच केलं, मग घरीही तेच गं. गॅस बंद केला का, हो केला म्हटलं तरी स्वतः जाऊन बघणार, कुलूप लावलं की ओढून ओढून बघणार. मला बघायला आले तेव्हा माझ्या वडिलांना विचारलं, मुलगी नाइट ड्यूटी करते तर जेवते का वेळेवर. वडील खूश, म्हणाले पोरगा चौकस आहे. चौकस! काय सांगू तुला.

तर रिटायर झाल्यावर ह्यांनी ही मोटरसायकल घेतली, जुनी, परदेशी बनावटीची, म्हशीएवढी. ह्यांचे एक साहेब परदेशी चालले होते त्यांची. मी म्हटलं, अहो या वयात? पण एकदा मागे बसले आणि खरं सांगते, माझी कंबर काही बोललीच नाही. पेशंट उचलून उचलून माझ्या मणक्यातली गादी सरकलेली, डॉक्टरांनी धक्के अजिबात बंद सांगितलेले, आमच्या बिबवेवाडीत रिक्षात बसले तरी स्पीडब्रेकरला जीव जायचा. आणि ह्या गाडीच्या मागच्या दोन्ही शॉकअपमध्ये स्प्रिंग तर असतेच, शिवाय हवा भरायची असते, एकटं असलं तर थोडी, दोघं बसणार तर जास्त, ती गॅरेजवाला भरून द्यायचा, आणि त्या हवेवर गाडी अशी तरंगत जायची. रविवारी विहारात वंदना करायची आणि तिथूनच निघायचं, कधी सासवड, कधी भोर, कधी नुसतं पानशेतच्या रस्त्याला कणीस खाऊन परत. नोकरीत मी कुठे फिरलेच नव्हते गं. माझा रविवार म्हणजे ड्यूटी.

मग यंदा ह्यांच्या मनात आलं, शॉकअपमधलं तेल बदलायचं, तेही घरीच. गॅरेजवाला कशाला, मी काय कारखान्यात माशा मारत होतो का, म्हणाले. पार्किंगमध्ये माझी जुनी साडी अंथरली, दोन्ही शॉकअप काढले, तेल बदललं, रबराच्या रिंगा नव्या घातल्या, हवेच्या नळ्या जोडल्या, हवा भरली. टायरची हवा बघायचं मीटर असतं नं, ते लावून बघितलं, बरोबर. दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर कमी. परत भरली, परत बघितली, बरोबर. सकाळी परत कमी.

भांड्यांचा साबण पाण्यात फेटून प्रत्येक जोडाला लावला, कुठे बुडबुडा येतो का बघत बसलो, हे उकिडवे आणि मी स्टुलावर. एक बुडबुडा नाही. पुन्हा सगळं खोललं, पुन्हा रिंगा. चहाच्या आधी मीटर, झोपायच्या आधी मीटर. खालच्या मजल्यावरचे जोशीकाका पेपर हातात घेऊन उभे, नमस्कार नाही काही नाही, म्हणाले, काय, आजही नापास का?

त्यातच एका रविवारी हट्टाने निघालो आणि कात्रजच्या अलीकडे खड्ड्यात मागचं चाक असं आपटलं की मी ओरडले, थांबवा, मले उतरू द्या! रिक्षाने घरी आले आणि कमरेला पट्टा लावून पडून राहिले. ह्यांचं तोंड एवढंसं झालं. म्हणाले, विकून टाकतो. तू मागे बसणार नाहीस तर मी एकटा कुठे बोंबलत फिरू? आमचे जावई खराडीला असतात, त्यांनी ऑफिसातलं एक गिऱ्हाईकही शोधलं, रविवारी येतो म्हणाला. मला आत कुठेतरी लागलंच.

गिऱ्हाईकासमोर गाडी बसकी दिसायला नको म्हणून ह्यांनी हवा भरली, आता मीटर लावणार तोच मुलीचा फोन, नातीला ताप आहे. तसेच खराडीला गेलो ते शनिवारपर्यंत तिकडेच. परत आलो तर ह्यांच्या हातात अजून पिशव्या, आणि मीटर शोधतायत! लावलं, तर हवा पूर्ण. हे बघतच राहिले. मग सवयीप्रमाणे, बरोबर दिसलं म्हणून पुन्हा लावलं, तर कमी. अगं आत्ता होती, आत्ता कुठे गेली, असं ओरडायला लागले.

मी त्या आवाजाकडे लक्ष देत होते. मीटर लावताना फुस्स, काढताना फुस्स. आमच्या वॉर्डात वेळेआधी जन्मलेली बाळं असायची, ओंजळीत मावतील एवढी. मोठ्या सिस्टर सांगायच्या, तपासायला रक्त घेताना जपून, सारखं सारखं नाही घ्यायचं, ह्या बाळांच्या अंगात आहेच केवढंसं. म्हटलं, अहो, टायरमध्ये हवा घागरभर, त्यातली फुस्स गेली तर कळत नाही. ह्या शॉकअपमध्ये ती असणार फुलपात्रभर. गळत काही नाहीये, तुम्हीच रोज हिचं रक्त काढताय!

हे पायरीवर बसले आणि हसायला लागले ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. जोशीकाका खिडकीतूनच म्हणाले, म्हणजे गाडी पास, इन्स्पेक्टर नापास.

दुसऱ्या दिवशी रविवार, सकाळी हवा भरली, मीटर मी पदराखाली घेतलं आणि निघालो. वाटेत जावईबापूंचा फोन, आई, ते गिऱ्हाईक तुमच्या पार्किंगमध्ये आलंय, त्याला काय सांगू? म्हटलं, सांगा, सासूबाई गाडीवर बसल्यात आणि उतरायला तयार नाहीत.

आता मुलीने एक छोटा हातपंप मागवून दिलाय, त्यालाच मीटर आहे. पंप लावला की जेवढी हवा नळीत जाते तेवढी तिथल्या तिथे परत भरायची आणि काढून घ्यायचा, मधे मधे बघायचं नाही. ह्यांचा हात शिवशिवतो, पण ऐकतात. आता फक्त प्रत्येक स्पीडब्रेकर गेला की मान वळवून मलाच विचारतात, लागलं का गं? परत पुढच्याला, लागलं का? विचारू देत बापडे. त्याने माझ्यातलं काही कमी होत नाही.