मोटारीला खोकला

...न्हाय न्हाय, माझा कुणावर संशय न्हाय, आधीच सांगतो. पण चांगली चालती मोटार आपणहून खोकाय लागती का, तुम्हीच सांगा की. आदल्या संध्याकाळी गुणानं उभी केलेली मोटार, सकाळी बेळगावातनं निपाणीची शिटं भरून काकती सोडली न्हाय तवर भडभड, भड... ठप्प, भडभड, भड... ठप्प. सुतगट्टीच्या घाटात तर असे हिसके, की मागं बसलेल्या तंबाखूवाल्या आप्पांची पगडी पुढच्या बाईच्या मांडीवर. आप्पा म्हणतात, "परशूअण्णा, मोटार घेतलीसा का उंट?" मी हसलो. हसू नको तर काय करू, पुढच्या आठवड्यात पोरीचं लगीन.

आमची मनू. निपाणीचं स्थळ, माणसं लई चांगली, हुंडा मागितला न्हाय. व्याही एवढंच बोलले, "नवरदेव तुमच्या मोटारीतनं बेळगावला येणार, वाटेत उतरून ढकलायला लागू नये तेवढं बघा." आता तवंदीच्या घाटात मोटार बसली, म्हंजे नवरदेव बाशिंग सांभाळत मोटार ढकलतोय, मुहूर्त चाललाय टळून, आणि मागनं कोण यावा? नागोजी. आमच्याच रस्त्यावर दुसरी मोटार चालवतो त्यो. आडवी घालून म्हणणार, "पाव्हणं, आमच्यात बसताय?" पोरगी जन्मभर त्याच घरात नांदायची, आणि सासू जन्मभर तेच काढायची.

तर नागोजीवर माझा संशय न्हाय हं. पण मोटार खोकाय लागली, नेमका त्याच दिवशी ह्यो गडी मला रामराम करतोय. कधी करत न्हाय त्यो. मी सरळ टाकीत काडी बुडवून जिभेला लावली, साखर टाकलीया का बघायला. आता पेट्रोलची मूळ चव कुणाला ठाऊक हाय हो? गोड न्हवतं एवढं कळलं, आणि दिवसभर ढेकर मात्र मोटारीचे आले.

मग रवळू. आमचा डायव्हर. मी त्याच्याकडं नुसतं बघितलं, तर म्हणतोय, "अण्णा, म्या काय केलं न्हाय." आता मी इचारलंच न्हाय, तर ह्यो सांगतोय कशाला? पण असू दे, माझा संशय न्हाय.

नेली कॅम्पात, मिंगेल मिस्त्रीकडं. गोव्याचा गडी, गोऱ्या साहेबांच्या गाड्या करतोय. बोलतो इतकं, की इंजिन बंद पडलं तरी ह्याचं तोंड चालूच. म्हणाला, "कार्बुरेटर." खोलला, धुतला, बसवला... भडभड, भड, ठप्प. म्हणाला, "म्याग्नेटो." त्योबी खोलला... भड, ठप्प. मी स्टूल टाकून शेजारीच. मिस्त्रीवर संशय न्हाय, पण माझे चांगले पार्ट काढून जुने घातले तर? म्हणून घरनं निघतानाच जिथं हात पोचला तिथं चुन्याचं बोट लावून ठेवलतं. मिंगेल चिडला, "परशराम, मी गाडी दुरुस्त करू की तुझा चुना पुसत बसू?"

शेवटी इंजिन चालू ठेवून एकेका प्लगाची वायर काढाय लागला. वायर काढली आणि आवाज आणखी बिघडला, तर त्यो प्लग कामावर. काहीच फरक पडला न्हाय, तर त्यो आधीच मेलेला. पहिली काढली, इंजिन कण्हलं. दुसरी काढली, कण्हलं. तिसरी काढली... इंजिनाला पत्ताच न्हाय. तिसरा म्हटल्यावर मी स्टुलावरनं उठलोच.

कारण सांगतो, पण बाहेर बोलू नका. लढाईचे दिवस, नवा पार्ट मिळंना, आणि मोटार गल्लीत उघड्यावर. आमच्या गल्लीवर माझा संशय न्हाय, पण मोटार कुणी पळवू नये म्हणून मी रोज संध्याकाळी एक प्लग काढून घरी न्यायचो. तिसराच. पहिला काढला तर नागोजीला लगेच कळंल. आणि ठेवायचो देवघरात, देवांच्या मागं, तिथं हात घालाय चोरालाबी भ्या वाटतंय. बायकोला, अंबूला एवढंच सांगितलं, "ही लई मोठी चीज हाय. काय हाय ते इचारू नको, कुणाला बोलू नको." बायकोवर कसला संशय, पण तिची बहीण नागोजीच्या गल्लीत दिलीया. सकाळी धोतराच्या सोग्यात गुंडाळून न्यायचो, आणि कुणी बघू नये म्हणून मीबी न बघताच बसवायचो.

मिंगेलनं प्लग काढला. तोंडात काळंभोर चिकट, करपलेल्या काकवीगत. वरच्या पांढऱ्या भागावर पिवळं बोट, लाल बोट. हुंगून म्हणतोय, "मध हाय, दूध हाय, साखर जळून बसलीया. ठिणगी पडणार कुठं, माझ्या डोसक्यावर?"

प्लग घेऊन तसाच घरी गेलो आणि अंबूम्होरं धरला. अंबू शांतपणे म्हणती, "मग? लगीन जवळ आलं म्हणून सगळ्या देवास्नी पंचामृत घातलं, आणि त्या एकट्याला उपाशी ठेवू?"

"अगं, त्यो मोटारीचा प्लग हाय."

"तुम्हीच म्हटलासा, मोठी चीज हाय, इचारू नको. म्हटलं, कुण्या बुवानं दिला असंल. मनूची किती स्थळं परत गेली सांगा बरं? ह्याला साकडं घातलं आणि निपाणीकर हो म्हणाले. आता तुम्ही त्याला इंजिनात घालून जाळताय व्हय?"

"न्हाय घातला, तर नवरा यायचा कसा?"

तिनं देवांम्होरच्या समईची वात सारखी केली आणि म्हणाली, "त्यानंच जमवलंय, त्योच आणंल. पण लगीन झाल्यावर देव मला माघारी पायजे."

मिंगेलनं खरवडला, घासला, बसवला. नवरदेवाला आणाय निघताना अंबूनं बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं, मोटारीम्होरं नारळ फोडला. तवंदीच्या घाटात मी नवरदेवाचं एक अक्षर ऐकलं न्हाय, सगळा कान इंजिनात. मोटार एकदाबी खोकली न्हाय. मनूनं हार घातला आणि मी फेट्याच्या शेमल्यानं डोळं पुसत बसलो, खोटं कशाला सांगू.

आता मोटारीत मिंगेलनं हुडकून दिलेला जुना प्लग, आणि आमचा तिसरा कायमचा देवघरात. ह्यो देव लग्नं जमवतो, असा गल्लीभर बोभाटा झालाय. परवा नागोजीची बायको लग्नाच्या पोरीला घेऊन त्याला साकडं घालाय आली, आणि मागं नागोजी, हात जोडून, डोळं मिटून. माझा संशय न्हाय, पण त्याचा एक डोळा किलकिला होता. म्हटलं, "अंबू, देवघराला कुलूप लाव."

लावलं की तिनं. पण किल्ली मागितली, तर देत न्हाय. म्हणती, "तुम्ही काढून परत मोटारीत घालशीला." म्हंजे बघा, मी कुणावर संशय घेतला न्हाय, आणि घरात संशय माझ्यावर.