गार होताना सुटणारी साय

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, प्रयोगशाळेतले माझे सहकारी, ताईंच्या घरची मंडळी आणि आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती ताई,

भट्टीपाशी काढलेली चौतीस वर्षं पाच मिनिटांत कशी मावणार? म्हणून एकच गोष्ट सांगतो. तीत मी तोंडावर आपटलो आहे. अध्यक्षांनी कृपया हसू नये. ज्या समितीपुढे मी आपटलो, तीत तेही होते.

वीस वर्षांपूर्वी मी इथे नवा शास्त्रज्ञ होतो. विमानाच्या इंजिनातल्या पात्यांसाठी मी एक मिश्रधातू बनवला. तापलेल्या हवेत धातू गंजतोच. पण माझ्या धातूवर ऑक्साइडची पातळ साय धरायची आणि तीच खालच्या धातूला जपायची. अकराशे अंशांवर हजार तास ठेवला, वजन जेमतेम वाढलं, म्हणजे गंज जवळजवळ नाहीच. मी हवेत. अहवाल सहीसाठी वर गेला.

तेव्हा भट्टी सांभाळणाऱ्या या ताई नमुन्याची वाटी घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. तळाला चिमूटभर राखाडी पूड होती. नमुना गार होताना बारीक टिकटिक ऐकू येते आणि मग ही पूड पडते, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, धूळ असेल. त्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, आपण नमुना वाटीसकट तोलतो, मग त्यातून सुटून पडलेलं कळणार कसं?

सांगायला लाज वाटते, पण मी चिडलो. "तुम्ही भट्टी बघा, निष्कर्ष मी काढतो," म्हणालो.

उरलेला एक तुकडा ताईंनी लहान भट्टीत घातला. तासभर तापवायचा, बाहेर काढून गार करायचा, नुसता तुकडा तोलायचा, पुन्हा आत. दिवसाला सहा फेऱ्या. दोनशे फेऱ्यांनंतर त्यांनी तो माझ्या तळहातावर ठेवला. कडा कुरतडल्यासारख्या, अंगभर खड्डे.

"इंजिन रोज बंद होतं, साहेब. आपली भट्टी का होत नाही?"

गार होताना धातू जास्त आकसतो, साय कमी. मग ती तडकून सुटते. या प्रश्नाला परीक्षेत मला पैकीच्या पैकी गुण होते!

मी अहवाल परत मागितला. समितीपुढे ताईंना शेजारी बसवून चूक कबूल केली. पुढे दीड वर्ष आम्ही दोघं झटलो. धातूतला गंधक काढला, एका दुर्मीळ मूलद्रव्याची चिमूट घातली, आणि साय धातूला चिकटून राहू लागली. तो धातू आज आकाशात उडतो आहे. शोधनिबंधावर पहिलं नाव ताईंचं आहे. त्यावर ज्यांनी भुवया उंचावल्या होत्या, तेही आज पहिल्या रांगेत बसलेत. त्यांचं विशेष स्वागत.

त्या सुधारलेल्या धातूचा एक तुकडा ताईंनी तेव्हापासून, लहान भट्टी मोकळी असेल तेव्हा, फेऱ्यांना लावून ठेवला होता. आज सकाळी त्यांनी तो शेवटचा तोलला. दहा हजारावी फेरी, तुकडा शाबूत. वजन वहीत लिहून त्यांनी हातमोजे काढले, आणि मग भट्टीघरात उभ्या असलेल्या आम्ही सगळ्यांनी जो टाळ्यांचा कडकडाट केला, तो शेजारच्या इमारतीत ऐकू गेला म्हणतात.

इतकं शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, तर आपण सर्वांनी पोटात घालावं. ताईंना वेगळं सांगत नाही. माझ्या चुका पोटात घालायची आणि मग दुरुस्त करून घ्यायची त्यांना जुनी सवय आहे.