शिवणीतली माया

शिंपी : हात बाजूला घे, कात्री लागेल.

बायको : पण सरांचा कोट उसवतोयस कशाला? उद्या त्यांचा निरोपसमारंभ आहे.

शिंपी : म्हणूनच. कोट तोच आहे, सर तेवढे राहिले नाहीत. बटण लागेना म्हणून सकाळी देऊन गेले. हे बघ, शिवणीत माया सोडली होती मी. आत जादा कापड ठेवलं, की माणूस सुटला तरी कोट टिकतो.

बायको : हं.

शिंपी : तुझं तोंड का उतरलंय? प्रयोगशाळेतल्या त्या स्टीलने मान टाकली का?

बायको : मान नाही टाकली. फुगलंय.

शिंपी : स्टेनलेस स्टील? आपली भांडी लग्नापासून आहेत तेवढीच आहेत.

बायको : भांड्यांवर न्यूट्रॉनचा मारा होत नाही. अणुभट्टीच्या गाभ्यात होतो. स्टीलमध्ये अणू कसे ओळीने बसलेले असतात. न्यूट्रॉन येतो, एकाला धक्का मारून उठवतो, तो दुसऱ्याला उठवतो. बहुतेक जण परत कुठेतरी बसतात, पण काही जागा रिकाम्याच राहतात. मग त्या रिकाम्या जागा एकमेकींना मिळतात आणि आत बारीक बारीक पोकळ्या होतात. आज सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या.

शिंपी : म्हणजे वजन तेवढंच, घेर वाढला.

बायको : अगदी. शिवाय स्टील कडक होतं आणि ठिसूळही.

शिंपी : तुझ्या आत्यासारखं.

बायको : आत्या ठिसूळ नाहीये.

शिंपी : कडक आहे, हे मान्य केलंस.

बायको : थट्टा पुरे. ते स्टील सरांचं आहे. उभं आयुष्य घातलं त्यांनी त्यात. उद्या भाषणात सांगणार आहेत, 'माझं स्टील फारसं फुगत नाही.'

शिंपी : मग आजच सांग त्यांना.

बायको : समारंभ होऊ दे. अहवाल परवाच द्यायचाय, तेव्हा सांगेन.

शिंपी : म्हणजे उद्या ते चारचौघांत छाती फुगवून बोलणार आणि परवा तेच चारचौघे तुझा अहवाल वाचणार. छान शोभा होईल.

बायको : तू कोट शिव.

शिंपी : शिवतोच आहे. या, सर, या! तुमचंच काम चाललंय.

(सर कोट चढवतात. शिंपी पोटाभोवती टेप धरतो.)

सर : अगं, तूही इथेच? मास्तरांवर लक्ष ठेवायला?

शिंपी : सर, पोट आत ओढायचं नाही. टेपला फसवता येत नाही.

सर : बरं, सोडलं. आता खरं सांगा, किती फुगलंय?

बायको : सर... तुम्हाला कोणी सांगितलं?

सर : आरशाने.

शिंपी : झालं!

सर : मी माझ्या पोटाचं विचारत होतो. तू कशाचं म्हणतेयस?

बायको : काही नाही.

सर : 'काही नाही' म्हणताना तू चष्मा पुसतेस. विद्यार्थिनी होतीस तेव्हापासून. माझ्या नळ्या ना? इंधनाभोवतीच्या?

बायको : हो.

सर : किती?

बायको : आपण धरलं होतं त्याच्या दुप्पट. दोन नळ्यांमध्ये ठेवलेली फट जवळजवळ भरलीय. आणखी चालवल्या तर एकमेकींत अडकून बसतील. भट्टी सध्या देखभालीसाठी बंद आहे, तोवरच बदलायला हव्यात.

सर : पोकळ्या स्वतः पाहिल्यास?

बायको : पुन्हा पुन्हा पाहिल्या. माझी चूक सापडावी म्हणून.

सर : सापडली?

बायको : नाही, सर.

सर : मास्तर, टेप जरा सैल करा.

शिंपी : टेप केव्हाच काढलाय, सर.

सर : वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? पण स्टीलचं कमी. ते बिचारं इतकी वर्षं मार खात उभं राहिलं. तू माझ्यापासून लपवत होतीस, त्याचं जास्त.

बायको : उद्याचा दिवस तुमचा आहे. मला तो नासवायचा नव्हता.

सर : आणि मी बढाई मारली असती, तेव्हा टाळ्या वाजवल्या असत्यास?

शिंपी : टाळ्या कसल्या वाजवतेय! चष्मा पुसत बसली असती.

सर : मास्तर, तुम्ही शिवा. उद्या मीच सांगेन, माझं स्टील फुगलं आणि ते माझ्याच विद्यार्थिनीने पकडलं. त्यावर टाळ्या वाजवशील ना?

बायको : तुम्ही फट ठेवली होती, म्हणून वेळेत कळलं, सर. नाहीतर नळ्या केव्हाच अडकल्या असत्या.

सर : अशा फटीला तुम्ही काय म्हणता, मास्तर?

शिंपी : माया.

सर : कोटात उरलीय का अजून?

शिंपी : होती नव्हती ती सगळी उसवली. पुढच्या खेपेला नवा कोटच.

सर : हं. नव्या नळ्या तू आखशील.

बायको : तुम्ही बघायला याल ना?

सर : येईन की. अंगात कोट गेला तर. पण एक ऐक. आकडे काय सांगायचं ते सांगू देत, माया थोडी जास्तच सोड.