‘तापी पार’ हा खेळ माझा नव्हता

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शिक्षण संस्थेचे चेअरमन आदरणीय मोतीलालभाऊ, धुळ्याहून एप्रिलच्या या उन्हात खास आलेले सन्माननीय प्रमुख पाहुणे, मुख्याध्यापक महोदय, संस्थेचे सर्व पदाधिकारी, माझे शिक्षक सहकारी, गावातली वडीलधारी मंडळी, माता-भगिनी, आणि तेहतीस वर्षं ज्यांनी माझा फळ्यावरचा पसारा निमूटपणे वहीत उतरवून घेतला ते माझे आजी-माजी विद्यार्थी,

सर्वांना विनम्र नमस्कार.

आत्ताच आमच्या अभिमननं मानपत्र वाचलं. अभिमन हा माझाच विद्यार्थी, आता धुळ्यात कॉलेजात शिकतो आणि माजी विद्यार्थी संघाचं काम पाहतो. आवाज छान आहे, शब्दही फार गोड निवडलेत. ‘ज्ञानाचा नंदादीप’ वगैरे ऐकताना मी शेजारी पाहिलं, की हे दुसऱ्या कुणाविषयी तर चाललं नाही ना. पहिल्या रांगेत आमच्या सौभाग्यवती प्रमिलाबाई बसल्या आहेत. नंदादीपाला घरी दोनदा सांगितल्याशिवाय पाण्याचा हंडा उचलता येत नाही, हे त्यांना ठाऊक असल्यामुळे त्या हसत होत्या. असो. सत्काराच्या दिवशी थोडं खोटं चालतं. मलाही चाललं असतं.

पण त्या मानपत्रात एक वाक्य आहे. ‘सन १९८८ साली धुळे येथील विज्ञान प्रदर्शनात सरांनी स्वतः तयार केलेल्या तापी पार या कॉम्प्युटर खेळास प्रथम पारितोषिक मिळाले.’ याच वाक्याच्या जोरावर आपल्या नव्या संगणक कक्षाला माझं नाव द्यायचं ठरलं आहे. हा कार्यक्रम संपला की भाऊंच्या हस्ते पाटीवरचा पडदा निघणार आहे. म्हणून मला आत्ताच बोलणं भाग आहे. पडदा निघाल्यावर बोललो असतो तर तो नुसता विनय दिसला असता, आणि विनयाची मला गेली नऊ वर्षं चांगली सवय झाली आहे.

मित्रहो, तो खेळ मी तयार केला नव्हता.

आपल्या शाळेला सरकारी योजनेतून पहिला कॉम्प्युटर आला, तो पुष्कळांना आठवत असेल. टीव्हीसारखा पडदा, खाली टंकलेखन यंत्रासारखी बटणं, आणि प्रोग्रॅम साठवायला साधा टेपरेकॉर्डर. मला आठ दिवसांचं प्रशिक्षण मिळालं होतं. तेवढ्यात बटण कुठलं दाबायचं नाही, एवढं मला पक्कं समजलं. बाकी सगळं समजलं ते दहावीतल्या एका मुलाला. नवल त्याचं नाव. शेवंताबाईंचा नवल. मी त्याचा वर्गशिक्षक होतो. बोलायला लाजायचा, चालताना पोरं चिडवायची म्हणून भिंतीच्या कडेनं चालायचा. पण त्या यंत्रापुढे बसला की त्याची बोटं थांबायची नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत सगळी शाळा बंद असताना आपले शिपाई लोटनभाऊ त्याला किल्ली देत, आणि त्यानं हा खेळ तयार केला.

खेळ असा. सातपुड्याच्या पायथ्याहून एक गडी बाजाराला निघतो. आधी जंगल, मग केळीची बाग, मग पूर आलेली तापी. नदीत मगरी. गड्यानं कितीही उड्या मारल्या तरी तो पैलतीराला पोचतच नसे. पोरं चार दिवस वैतागली. मग एकाच्या लक्षात आलं, की बागेच्या शेवटी दोरीवर एक लुगडं वाळत घातलंय. गड्यानं ते घेतलं की तो बाई होतो. तिची उडी दुप्पट जाते, मगरी बाजूला होतात आणि ती पार होते. ज्याच्या हे लक्षात आलं तो सहावीतला मुलगा म्हणजे आजचे आपले सूत्रसंचालक अभिमन.

त्या बाईचं नाव नवलनं ठेवलं होतं जमना. तिचं चित्र त्यानं आलेखाच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून काढलं होतं. पदर वाऱ्यानं नक्की कुठल्या बाजूला जातो हे विचारायला तो आमच्या घरी आला होता, आणि प्रमिलाबाईंनी त्याला अंगणात उभं राहून दाखवलं होतं.

मधल्या सुट्टीत त्या खोलीबाहेर जी झुंबड उडायची, ती मी नंतर कधी पाहिली नाही. एरवी त्या खोलीकडे न फिरकणाऱ्या नववीच्या मुली यायला लागल्या. तिला अंबाडा घाला, अशी त्यांनी मागणी केली आणि नवलनं दोन चौकोन वाढवून अंबाडा घातला. फळ्यांवर रंगीत खडूनं जमना दिसू लागली. पोरांमध्ये वादही व्हायचे. जमना पोऱ्या शे का पोर? एकदा मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. बराच वेळ हुज्जत चालली, आणि मग एक चिमुरडी म्हणाली, “पार जास ना ती? मंग काय फरक पडस?” त्यावर वाद मिटला आणि पुढच्याचा नंबर लागला. आज धुळ्यात स्टँडजवळ व्हिडिओ गेमची दुकानं निघाली आहेत. परवा मी एकात डोकावलो. पडद्यावर दणकट गडी एकमेकांना बुकलत होते आणि एक बाई कुणीतरी सोडवायला येण्याची वाट पाहत होती. जमनासारखं कुणी मला दिसलं नाही.

आता मोतीलालभाऊ, तुमची परवानगी घेऊन सांगतो. प्रदर्शनाच्या आदल्या आठवड्यात तुम्ही खेळ पाहायला आलात. पाहिलात आणि म्हणालात, “मास्तर, हाई काय शे? पोऱ्याले लुगडं? धुयाले बठ्ठा साहेब येतीन, काय म्हनतीन? काढी टाका ते.” भाऊ, मी तुमच्यावर काहीही ढकलत नाही. तुम्ही फक्त काढून टाका म्हणालात. पुढची अक्कल माझी.

मला वाटलं, काढलं तर खेळ संपणारच नाही. ठेवलं तर भाऊ रागावतील. मग लुगडं नुसतं हसण्यापुरतं ठेवायचं ठरवून मी रविवारी दुपारी बसलो आणि मला येत होत्या तेवढ्या सात ओळी बदलल्या. गड्यानं लुगडं घेतलं की दोन वेळा टाळीचा आवाज. कुठली टाळी, ते तुम्हाला सांगायला नको. मग जमना नदीत पडते, मगर तोंड उघडते, आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांत ‘हा हा हा’. मी स्वतःवर खूश झालो. नवलचा मूळ खेळ ज्या कॅसेटवर होता, तिच्यावरच मी हा नवा खेळ चढवला. मूळ खेळ पुसला गेला. दुसरी कोरी कॅसेट आणायला नरडाण्यापर्यंत जावं लागलं असतं, मी कंटाळा केला. एवढंच कारण आहे. नऊ वर्षांत मी याहून बरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

धुळ्याला जाताना एस.टी.त कॉम्प्युटरचा तो पडदा लोटनभाऊंनी गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला होता. नवलला मी काही सांगितलं नव्हतं. त्यानं ते पहिल्यांदा पाहिलं प्रदर्शनाच्या मांडवात, लोकांसमोर. आणि यंत्र त्यालाच येत होतं, म्हणून दोन दिवस त्यालाच मी बटणांवर बसवलं. मी शेजारी छडी घेऊन माहिती सांगत होतो.

लोक किती हसले म्हणून सांगू. परीक्षकांनी चष्मा काढून डोळे पुसले. रांग मांडवाबाहेर गेली. लोक म्हणायचे, ते टाळीवालं पुन्हा दाखव. आणि नवल पुन्हा दाखवायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं मान वर न करता मला विचारलं, “सर, एकदा तरी तिला पार जाऊ द्या ना. मला त्या ओळी पाठ आहेत, आत्ता बदलतो.” आणि मी, ज्ञानाचा नंदादीप, काय म्हणालो? मी म्हणालो, “अरे, पार गेली तर लोक हसतील कशाला?”

तो संध्याकाळपर्यंत बटणं दाबत राहिला. बक्षीस घ्यायला मी मंचावर गेलो तेव्हा तो मागे पडद्याला गोधडी गुंडाळत होता. घरी आल्यावर मी मोठ्या उत्साहानं हकिकत सांगितली. प्रमिलाबाईंनी बक्षिसाची ढाल हातातसुद्धा घेतली नाही. “त्या लेकराला तुम्ही बरं केलं नाही,” एवढंच म्हणाल्या, आणि मी त्यांना म्हणालो, की तुम्हाला यातलं काय कळतं.

शाळेतल्या पोरांनी आधी कुरकुर केली. अभिमन तर माझ्या टेबलापाशी रडत आला होता, की सर, जमना बुडत नव्हती, तुमचं काहीतरी चुकलंय. मी त्याला सांगितलं, बघ तर, किती गंमत आहे. आठवडाभरात पोरांना गंमत कळली. पंधरवड्यात ती टाळी खोलीतून बाहेर आली. नवल वर्गात शिरला की टाळी, पाण्याच्या टाकीपाशी टाळी, स्टँडवर टाळी. अभिमन, मान खाली घालू नकोस. तू अकरा वर्षांचा होतास. जी मुलं पार जास ना म्हणून वाद मिटवत होती, त्यांना हसायला मी शिकवलं. माझ्या तेहतीस वर्षांत मी शिकवलेलं इतकं लवकर कुणी शिकलं नाही.

मार्चच्या परीक्षेला नवल बसला नाही. फॉर्म भरलेला होता. हजेरीपटावर ‘सतत गैरहजर’ असं लिहून मी माझ्या हातानं नाव कमी केलं. शाईसुद्धा लाल वापरली, नियमाप्रमाणे.

गेल्या महिन्यात निवृत्तीची पत्रिका छापायला टाकली आणि मी शेवंताबाईंच्या दारात गेलो. त्या रागावल्या नाहीत. पत्ता दिला आणि सोबत द्यायला लोणच्याची बरणी दिली. पत्ता जळगावचा होता, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानाचा. मी विचारलं, नवल आहे का? दुकानदार म्हणाला, “नवल कोनी नही आठे. जमना शे, मांगली खोलीमा.”

तेव्हा मला कळलं, सज्जनहो. मला वाटत होतं की ते नाव तिला खेळासाठी सुचलं. ते तिचं स्वतःचं नाव होतं. कुणाला सांगता येत नव्हतं म्हणून तिनं ते पडद्यावरच्या बाईला देऊन पाहिलं होतं, आणि शाळेतली शंभर पोरं ते नाव प्रेमानं घेत होती. मग मी तिला तिच्याच हातानं, तिच्या डोळ्यांदेखत, दोन दिवस बुडवायला लावलं.

ती आतून आली. साडी नेसलेली, हातात सोल्डरिंगची सळई. माझ्या पाया पडायला वाकली. मी मागे सरलो, मला ते सोसलं नाही. मी आलोय माफी मागायला, असं म्हणालो. तिनं स्टूल पुसून दिलं, चहा मागवला, आणि विचारलं, “पोरं अजून खेळतात का तो, सर?” मी म्हटलं, नाही, ते मशीन भंगारात गेलं, कॅसेटही गेली. ती म्हणाली, “बरं झालं.”

स्वतः केलेल्या खेळाबद्दल ती बरं झालं म्हणाली.

मी तिला आजचं आमंत्रण दिलं. तिनं विचारलं, “येईन, पण बसू कुठं सर? बायांकडे का माणसांकडे?” या हॉलमध्ये डावीकडे महिला आणि उजवीकडे पुरुष अशी बैठक मीच तेहतीस वर्षं लावत आलोय. निघताना मी पुन्हा माफीचं काढलं. ती म्हणाली, “माफीचं बघू, सर. आधी गावाला सांगा तो खेळ कुणाचा होता.” नाव कुठलं सांगू, असं विचारलं तर म्हणाली, “माझं जे आहे ते.”

म्हणून सांगतो. ‘तापी पार’ हा खेळ जमनानं तयार केला. आपल्या शाळेच्या जमनानं. आणि तो जसा धुळ्यात दाखवला गेला तसा नव्हता. त्यात ती पार जात होती.

भाऊ, माझी एकच विनंती आहे. पाटीवरचा पडदा आज काढू नका. रंगारी बाहेर अंगणातच आहे, मी त्याला थांबवून ठेवलंय. त्या पाटीवर माझ्या नावाच्या जागी तिचं नाव येऊ द्या. तुम्ही घड्याळाकडे पाहताय, मला दिसतंय. तुम्ही नाही म्हणालात तर मी भांडणार नाही. भांडायला हवं होतं तेव्हाही मी भांडलो नाही, आणि आता अठ्ठावन्नाव्या वर्षी एकाएकी शूर झाल्याचं सोंग मी आणणार नाही. पण माझ्या नावाच्या त्या खोलीत मी पाऊल ठेवणार नाही, एवढं मात्र नक्की.

आता आभार. संस्थेनं मला भाकरी दिली, सहकाऱ्यांनी सांभाळून घेतलं, लोटनभाऊंनी माझ्यापेक्षा जास्त वेळा शाळा उघडली, आणि प्रमिलाबाईंनी मला जे तेव्हाच सांगितलं ते ऐकायला मला नऊ वर्षं लागली. त्यांच्या ऋणातच मी राहीन. बोलण्याच्या भरात कुणाचा मानपान राहून गेला असेल, समारंभाचा गोडवा गेला असेल, लांबण लागली असेल, तर मला सांभाळून घ्या. तेवढ्याची क्षमा तुम्ही करू शकता. पण त्या दोन दिवसांबद्दल उद्या वाटेत थांबवून “जाऊ द्या सर, झालं ते झालं” असं कृपा करून कुणी म्हणू नका. ते म्हणण्याचा अधिकार एकाच बाईला आहे, आणि ती अजून तसं म्हणालेली नाही.

नमस्कार.