आभार फार चांगले झाले

भाषणाचं मला नका सांगू, मी एकदा करून बसलेय. भातसानगरला पाण्याचे मोठे साहेब येणार होते. आमच्या पाड्याला नळ पाहिजे, हे त्यांच्यापुढे बोलायचं काम बायकांनी माझ्यावर टाकलं. धरण आमच्या अंगणातून दिसतं, पाणी मात्र डोक्यावरून आणायचं. मी रोज विहिरीवर भाषण म्हणायचे आणि बाकीच्या हंडे भरता भरता ऐकायच्या. मोठी जाऊ म्हणाली, "पयले आभार मान गो. साहेब खूश झाले की मंग नळ माग."

मला पटलं. माईक हातात आल्यावर न अडखळता साहेबांचे, सरपंचांचे, पार मांडववाल्याचेसुद्धा आभार मानले. आवाज असा खणखणीत लागला की माझं मलाच बरं वाटलं. दम घ्यायला थांबले, तर टाळ्या पडल्या आणि साहेब उठले. आभार झाले म्हणजे कार्यक्रम संपला, हे सगळ्यांना ठाऊक. मांडववाला खुर्च्या गोळा करायला लागला.

"साहेब, बोलायचं राहिलंय," मी म्हटलं, पण माईक बंद झाला होता.

नळ अजून नाय आला. आभाराला मात्र आता प्रत्येक कार्यक्रमात मलाच बोलावतात. म्हणतात, "तुमच्याइतके चांगले कोणी मानत नाय."