सीलबंद तीन प्रती

बुधवारी पिट्सबर्गच्या कॉमिकच्या दुकानासमोर नव्या अंकांसाठी रांग होती. माझ्यापुढे टोपीवाले आजोबा आणि एक तरुणी.

“काका, ते घोडागाडीच्या काळातल्या सुपरहिरोचं कॉमिक वाचण्यासारखं आहे का हो?”

“अगं, तीन प्रती घेतल्यात मी!”

“पण त्या काळात सुपरहिरोसारखे पाठीवर झगे सगळेच घालायचे. मग हिरो ओळखायचा कसा?”

“उडतो तो हिरो! एवढंही कळत नाही?”

“आणि शेवट?”

“मला काय विचारतेस? प्लॅस्टिकची पिशवी फोडली की संग्राहकांच्या लेखी प्रत बाद. तिन्ही कपाटात सीलबंद आहेत.”

“म्हणजे वाचलंच नाही तुम्ही!”

“माझी बायको डोरीन सांगते ना. शेवटी रडूच येतं म्हणे.”

“बायकोनं कुठे वाचलं?”

“घरीच, आणखी कुठे...”

“काका?”

“पोरी, माझी जागा धर. घरी फोन करून येतो.”