पाण्यावरची एका रेणूची साय

जमलेल्या बंधू-भगिनींनो, आणि सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी,

सरांच्या या शोकसभेत बोलायला उभा राहिलो हाये. दुःखानं नाही, संतापानं. शुद्ध भाषेत हे मले आज जमणार नाही. आपल्या बोलीतच बोलतो.

अरुण राऊत सर आपल्या या अमरावतीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. मी बाजूच्या खोलीत रसायनशास्त्र. त्याईच्या प्रयोगशाळेत पाण्याचं एक उथळ तबक होतं. त्या पाण्यावर ते तेलकट आम्लाचा थेंब सोडत. थेंब पसरे, साय धरे. कशी साय? फक्त एका रेणूइतकी जाड. सूक्ष्मदर्शकातून तिच्यात काळे-पांढरे पट्टे दिसत, कुठं चांदणीवानी नक्षी.

मी विचारलं, "भाऊ, एकाच साईत काळं-गोरं काहून?"

म्हणाले, "रेणू तिरपे उभे हायेत ना. इकडचे एका अंगाले कलले, तिकडचे दुसऱ्या. जवारी हवेनं कलते, तसे. पण इथं हवा नाही. जो तो शेजाऱ्याकडे पाहून कलते."

साय हलू नये म्हणून मे महिन्यातही पंखा बंद. चपला बाहेर. जोरानं श्वास सोडला तरी रागवत. आपण हसलो त्याईले. मी तर म्हणत होतो, "उकडून मरसान एखाद्या दिवशी."

उकडून नाही मेले ते, वहिनी. मारले त्याईले.

ती खोली पाडून एका बड्या माणसाले दुकानांचे गाळे काढाचे होते. सरांनी खोली सोडली नाही. मंग त्या दुपारी माणसं आली. बूट घालून आली, लोखंडी रॉड घेऊन आली. तबकावरच्या, साईले दोन्हीकडून दाबणाऱ्या पट्ट्या त्या वक्ती हळूहळू जवळ येऊन राहिल्या होत्या. साईवर दाब वाढला की कललेले रेणू सरळ होतात, ताठ उभे होतात. थेच सर पाहत होते. म्हणाले, "थोडं थांबा. मंग बोलू."

पहिला रॉड सूक्ष्मदर्शकावर पडला. मंग त्याईच्या हातावर, कारण हात त्याईनं तबकावर आडवा धरला होता. मंग डोक्यावर. ते तबकातच पडले. पाणी लाल झालं. पडलेल्या माणसाले मारत राहिले, मारत राहिले. मी मधात घुसलो, तर माझ्या बरगड्या मोडल्या.

बाहेरचा वऱ्हांडा पाहणाऱ्याईनं भरला होता. पोट्टे होते, प्राध्यापक होते, ऑफिसातले होते. पोलिसाईनं विचारलं, तर सारे म्हणे कॅन्टीनमधी होते. एवढं मोठं कॅन्टीन हाये का आपलं?

आन् ती माणसं ज्याच्या गाडीतून उतरली, त्या गाळेवाल्याचा हार इथं सरांच्या फोटोले घातला हाये. हा पाहा, मी काढला. हा पाहा, फेकला. कोणाले राग आला असंन तर येऊ द्या.

वहिनी काल मले म्हणाल्या, "भाऊ, साक्ष तुमची एकट्याचीच हाये. वकील म्हणते, टिकणार नाही." खरं हाये ते. साक्ष एकच राहिली तर हे लोक सुटतील, आन् उद्या याच रस्त्यानं वहिनींच्या समोरून जातील.

शेवटी दोन मिनिटं शांत उभं राहाची रीत हाये. मी ती सांगणार नाही. शांत तर आपण त्या दुपारपासूनच हाओत. आज फक्त त्यानंच उभं राहावं, ज्यानं वऱ्हांड्यातून पाह्यलं. उभं राहा आन् आपलं नाव सांगा. वहिनींना ऐकू जाईन, एवढ्या मोठ्यानं सांगा.

हॉलचं दार मी लावून घेतलं हाये.

सर, तुमाले माझा नमस्कार. मी बसतो. आता तुमी सारे बोला.